घरी पोचण्यापुरती शक्ती

पेडण्याच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथे शनिवारी शाळा सुटली की सभागृहातले बाक भिंतीला लावून मी कराटेचा वर्ग घेते. वीस-बावीस मुलं येतात, त्यांत मुली जास्त. पालक जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, उभे राहून बघतात. मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "टीचर, सगळे मास्तर पुढे उभे रवान मोजतात. तुम्ही मागे दाराकडे कित्याक?"

"मागून मुलांच्या पाठी दिसतात," मी म्हटलं.

"पाठींत किते बघूचा आसा?" तो हसला, आणि त्याची मुलगी लाजून त्याला ओढत घेऊन गेली.

पाठीत श्वास दिसतो. समोरून माणूस तोंड मिटून, डोळे वटारून दमला नसल्याचं सोंग आणू शकतो. पाठीला ते जमत नाही. खांद्यांच्या मधली जागा वरखाली होते, सदऱ्याला घामाचा नकाशा पडतो, कमरेकडे माणूस वाकायला लागतो. हे मला फार उशिरा कळलं. ज्यांनी मला कराटे शिकवलं त्या सरांच्या शेवटच्या वर्षी मी पुढे उभी राहून लाथा-ठोसे मोजत होते, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळच्या खांबाशी ते माझ्या मोजण्याबरोबर थोडे थोडे संपत होते. त्या पालकाला दारात उभ्याने हे सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव डिचोली तालुक्यात, आमोण्याजवळ, मांडवीच्या काठाला. देवळाला लागून अग्रशाळा आहे, म्हणजे जत्रेला येणाऱ्या लोकांनी उतरायची लांबट ओवरी. जत्रा सोडली तर ती वर्षभर रिकामी असायची. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, सर तिथे वर्ग घ्यायचे. दिवसा ते नदीकाठच्या बार्ज दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. हातांच्या रेषांत काळं ग्रीस कायमचं बसलेलं. तरुणपणी वास्कोला कामाला असताना ते तिथल्या एका जहाजावरच्या माणसाकडून कराटे शिकले आणि मग रीतसर परीक्षा देत गेले. त्यांचं घर देवळासमोरच, रस्त्याच्या पलीकडे. घराचं जनेल आणि अग्रशाळेचं दार समोरासमोर.

मी सातवीत असताना वर्गात गेले, ती आईच्या मनाविरुद्ध. आई शेतावर जायची आणि आठवड्याच्या बाजारात भाजी विकायची. ती म्हणाली, "हात-पाय मोडून घे. मगे भाजीची पाटी कोण उखलतलो?" बाबा बार्जवर खलाशी होते, घरी कमीच असायचे. पण सर त्यांच्या ओळखीचे होते, म्हणून परवानगी मिळाली.

सरांच्या वर्गाची एक रीत होती. ती मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. वर्ग संपला की सर दारात उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "किती उरली?"

किती शक्ती उरली, असं विचारणं असायचं. भाकरीच्या तुकड्यांत उत्तर द्यायचं. अर्धी, नाहीतर चतकोर. पहिल्या दिवशी मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "काहीच नाही उरली, सर." माझे पाय लटपटत होते, आणि मला वाटलं शाबासकी मिळेल.

"काहीच ना?" सरांनी भुवया वर केल्या. "मगे घराकडे कोण जातलो? मी खांद्यार घेऊन जाऊ?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "हय यायच्या आधी घरची चतकोर काढून ठेवायची. तुका घरी चलत जाऊचा आसा, आईक पाणी भरून दिवचा आसा, अभ्यास करूचा आसा. ती शक्ती घरच्यांची. ती हय खर्च करण्याचो अधिकार तुका ना."

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे पटत नाही. आम्हांला सगळं ओतून रिकामं व्हायला आवडायचं. आम्ही दारात खोटं सांगायचो. चतकोरही उरलेली नसताना "अर्धी, सर" म्हणायचो आणि देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन मेल्यासारखे बसायचो. सरांना ते कळत असणार. समोरच्या घरातून त्यांची बायको, जिला आम्ही सगळे काकी म्हणायचो, ओरडायची, "अर्धी उरलेली मंडळी पायऱ्यांवर लोळतात गो ही!"

मी सगळ्यांत वाईट होते. माझ्यात उतावळेपणा फार. ठोसा मारायच्या आधीपासून मूठ आवळलेली, खांदे कानांना लागलेले, दात दातांवर. सर मागून येऊन दोन बोटांनी माझे खांदे खाली दाबायचे. "हे खांदे किते धरून ठेवतात? नळे पडतले काय वयले?" घराची कौलं काही पडणार नव्हती. पण माझं शरीर सतत कशाची तरी वाट बघत ताठलेलं असायचं. गरिबाच्या घरातलं पहिलं शिकणारं मूल असंच असतं, असं आता वाटतं. त्याला वाटतं, जरा सैल सोडलं की सगळं जाईल.

अकरावीत असताना वास्कोला स्पर्धा होती. सर आम्हा चौघींना सरकारी बसने घेऊन गेले. पहिली फेरी मी सहज जिंकले. दुसऱ्या फेरीत शेवटच्या अर्ध्या मिनिटाला माझे हात वरच येईनात. समोरची मुलगी माझ्याहून फार चांगली होती असं नाही. पण तिचे हात वर होते आणि माझे लोंबत होते. मी हरले आणि एका कोपऱ्यात टॉवेल तोंडावर घेऊन रडले.

परत येताना सर माझ्या शेजारी बसले. झुआरीचा पूल आला. मग म्हणाले, "सकाळी याच पुलावर तू तिसऱ्यांदा लढलीस."

मला कळलं नाही.

"पणजीत एकदा लढलीस. मगे आगशीक. मगे हय. मी बघत होतो. मुठी आवळून, श्वास धरून बसलेलीस. वास्कोक पावलीस तेव्हा तुझ्याकडे दोन फेऱ्यांपुरती उरलीच नव्हती, बाय. त्या चेडवान तुका हरवूक ना. तू बसमध्येच हरलीस."

त्या शनिवारी त्यांनी वर्ग घेतला नाही. आम्हांला नदीच्या बांधावर नेलं. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांधात एक लाकडी दार असतं, आमच्याकडे त्याला मानस म्हणतात. भरतीचं पाणी वर चढलं की ते दार पाण्याच्याच जोराने मिटतं, ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला उघडून बाहेर पडतं. सरांच्या आजोबांकडे त्या दाराची राखण होती. आम्ही तिथे तास-दीड तास काही न करता बसलो. ओहोटी लागली. दार किंचित हललं आणि आतलं पाणी शांतपणे जाऊ लागलं.

"कोण ढकलता ते दार?" सरांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मगे तू सगळो दिवस कित्याक ढकलतंय?"

दोन ठोशांच्या मध्ये जी अर्ध्या क्षणाची जागा असते, तिथे विसावा घ्यायचा, हे त्यांनी मला त्या दिवसापासून शिकवायला घेतलं. हात सैल जायला हवा, मूठ लागायच्या वेळीच आवळायची, श्वास तेव्हाच थोडका सोडायचा आणि लगेच सैल व्हायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मनातल्या मनात परीक्षा द्यायची नाही. बसमध्ये बसलं की बाहेरची झाडं बघायची. ऐकायला सोपं वाटतं, शिकायला मला चार वर्षं लागली. माझ्या कॉलेजच्या परीक्षाही त्यामुळेच पार पडल्या.

कॉलेजचंही सांगायला हवं. बारावी झाल्यावर बाबा म्हणाले, पुरे. त्या संध्याकाळी सर कामाच्या कपड्यांतच आमच्या घरी आले. आईने उंडे पाव आणि चहा पुढे ठेवला. सर म्हणाले, "माझ्या वर्गात एक नियम आसा. कॉलेजाच्या शेवटच्या वर्षाक पावल्याबिगर काळो पट्टो ना." असा कुठलाच नियम नव्हता. त्यांच्या आधीच्या काळ्या पट्ट्यांतला एक जण दहावी नापास होता आणि टेम्पो चालवायचा. पण बाबांना ते माहीत नव्हतं, आणि मी गप्प राहिले. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद आला तो या खोट्या नियमामुळे.

मी शेवटच्या वर्षाला असताना, चतुर्थी होऊन गेल्यावर, एका मंगळवारी सर मला म्हणाले, "आजपासून तू मोज."

आमच्या वर्गात मोजणं ही मोठी गोष्ट होती. लाथा, ठोसे, अडवणं, सगळं मोजण्यावर चालायचं. एक ते दहा जपानीत, असं दहा वेळा. ते आकडे आमच्या तोंडात बसून अगदी कोकणी झाले होते. मोजणारा पुढे उभा राहतो, त्याचा आकडा आला की सगळ्यांनी एकदम मारायचं. शंभर होईपर्यंत कोणी थांबायचं नाही. सरांचा आणखी एक नियम होता, आणि हा मात्र खरा होता. मोजणारा कोणीही असो, वर्गातला प्रत्येक माणूस करणार. शिक्षकसुद्धा. "शिकवपी उभो आणि शिकपी घामेजलेलो, असलो वर्ग माझो न्हय," असं ते म्हणायचे.

त्या दिवशी मला पुढे उभं करताना ते म्हणाले, "सगळ्यांचो दम आता तुझ्या हातात."

मला वाटलं, माझ्या हातात सत्ता दिली. त्यांनी माझ्या हातात काय दिलं होतं ते मला दिसलं नाही.

सर मागे गेले. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खांबाशी उभे राहिले. मला वाटलं, तिथून त्यांना सगळे दिसतात म्हणून. पुढे ते रोज तिथेच उभे राहू लागले.

मी छान मोजायचे. आवाज मोठा होता, बाजारात आईबरोबर बसून कमावलेला. मी आकडे जवळ जवळ आणू लागले. दोन आकड्यांमधली ती अर्ध्या क्षणाची जागा, जी शिकायला मला चार वर्षं लागली होती, ती मी दुसऱ्यांना द्यायला विसरले. मुलं धापा टाकायची आणि मला वाटायचं, वर्ग रंगला. शंभरवर मी कधी दीडशे केले, कधी दोनशे. सर एकदाही म्हणाले नाहीत, सावकाश.

त्यांच्या लाथा खाली येऊ लागल्या होत्या. आधी छातीपर्यंत जाणारा पाय कमरेपर्यंत आला, मग ढोपरापर्यंत. एक हात खांबाला टेकलेला असायचा. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं मी म्हणू शकत नाही. पण ज्या माणसाने आठ वर्षं शिकवलं होतं की खरा जाणकार कमीत कमी खर्च करतो, त्याची लाथ लहान झालेली बघून मला वाटलं, हीच ती जाणकारी. मी मुलांना सांगितलं, "मागे बघा. सर किती थोडक्यात मारतात. काही वाया जात नाही. हे शिकायला आयुष्य लागतं."

मुलांनी मागे वळून बघितलं. सरांनी मान खाली घातली. मला वाटलं, स्तुतीने संकोचले.

डिसेंबरात एकदा पाचवीतली एक मुलगी साठाव्या लाथेला फरशीवर बसली. "ताई, माका जायना," ती म्हणाली.

"ऊठ," मी म्हटलं. "लाज नाही वाटत? सरांकडे बघ. तुझ्या आजोबांच्या वयाचे आहेत. ते बसले?"

ती उठली. सरांनी खांबावरचा हात काढला आणि पाय उचलला. त्या दिवशी मी दीडशेपर्यंत मोजलं.

वर्ग संपल्यावर ते नेहमीसारखे दारात उभे होते. "किती उरली?"

"अर्धी, सर!" मी म्हटलं, आणि ते खरं होतं. मोजणाऱ्याची कमी खर्च होते.

"बरें," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणीही त्यांना उलट विचारलं नव्हतं. त्यांनी आम्हांला रोज विचारावं आणि आम्ही सांगावं, यापलीकडे काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

काळ्या पट्ट्याची परीक्षा फेब्रुवारीत म्हापशाला झाली. उमेदवाराच्या शिक्षकाने हजर राहून सही केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. सर आले. मी बसच्या खिडकीतून झाडं बघत गेले. मुठी उघड्या होत्या. परीक्षा सकाळपासून दुपार उलटेपर्यंत चालली. ठरलेल्या हालचालींच्या मालिका झाल्या, मग जोडीचं काम, शेवटी एकामागून एक पाच जणांशी लढत. पाचव्या वेळीही माझे हात वर होते. मधल्या प्रत्येक क्षणात मी ते लाकडी दार आठवलं, आपोआप मिटणारं आणि आपोआप उघडणारं.

मधेच एकदा मी सरांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून खुर्चीवर बसले होते. समोर कराटे चालू असताना सर बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मला वाटलं, आता ते निश्चिंत झाले.

सरांनी माझ्या कमरेला पट्टा बांधला. ते माझ्या कानाशी म्हणाले, "थोडी उरली मां?"

"चतकोर, सर."

"मगे पास."

त्यानंतर दोन आठवड्यांनी मंगळवारी अग्रशाळेला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, सरांना सकाळी पणजीकडच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. मी तशीच गेले. काकी बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर सरांच्या चपला कागदात गुंडाळून.

"त्यांचा काळीज थकलेला," ती म्हणाली. "चवथीच्या टायमारच डॉक्टरान सांगितलेला. जिने चढू नाका, वजन उखलू नाका, आणि हे कराटे तर बंदच. माका म्हणाले, त्या चेडवाची परीक्षा होईपर्यंत कोणाक सांगू नाका. मी नाही सही केली तर तिचा वर्ष जातला. मी म्हटलं, मगे निदान नुसते उभे रवा. तर म्हणतात, माझ्या वर्गात नुसतो उभो कोण रवना."

ती माझ्याकडे न बघता पुढे बोलत राहिली.

"घरी येऊन जेवणाआधी आडवे पडायचे. मी विचारायचंय, आज किती? म्हणायचे, आज दोनशे. आज पोर रंगात होती."

मोजलेले सगळे आकडे माझ्या अंगावर आले. मला वाटलं ती रागाने बोलते आहे. पण तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

सर उशांना टेकून बसले होते. चेहरा राखेसारखा. मी पायांना हात लावला आणि तिथेच म्हटलं, "सर, मला सांगायचं तरी होतं, सावकाश मोज म्हणून. एकदा तरी."

ते बराच वेळ श्वास घेत राहिले. मग म्हणाले, "सांगितला असता तर तू फक्त माझ्यासाठी सावकाश मोजली असतीस." पुन्हा थांबले. "त्या पाचवीच्या चेडवासाठी न्हय."

त्यांनी ते दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं. त्यांना ती मुलगी आठवत होती. मला ती त्या क्षणापर्यंत आठवली नव्हती.

"मोजताना शेवटच्या रांगेकडे बघायचा," ते म्हणाले. "पुढचे कसेय करतात."

निघताना मी त्यांना विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं. "सर, किती उरली?"

त्यांना हसू आलं. डोळ्यांच्या कडांना आलं, ओठांपर्यंत पोचलं नाही. "घरी पोचण्यापुरती आसा," ते म्हणाले.

आणि तेवढीच होती. चार दिवसांनी डॉक्टरांनी घरी सोडलं. घरी आल्यावर आठव्या दिवशी, दुपारी जेवण झाल्यावर, ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. समोर अग्रशाळेचं कुलूप लावलेलं दार होतं.

तेरा दिवस झाल्यावर मी अग्रशाळेची चावी घेऊन काकीकडे गेले. ती चावी हॉस्पिटलातून घरी आल्यावर सरांनी माझ्याकडे दिली होती. काकी नारळ खवत बसली होती. मी चावी तिच्यासमोर ठेवली.

"ही माका कित्याक?"

"देवस्थानच्या लोकांना परत दे, काकी. मी वर्ग घेणार नाही. माझ्या तोंडातून आता आकडे येणार नाहीत."

तिने खवणं थांबवलं नाही. "तुका वाटता, तुझ्या मोजण्यान ते गेले."

मी होकारार्थी मान हलवली.

"माकाय वाटलेला," ती म्हणाली. "हॉस्पिटलात वाटलेला. खोटा कित्याक सांगू? दोनशे म्हणजे काय कमी?" मग तिने हात पुसले. "पण तुका एक ठावूक ना. तू मोजतालीस तेव्हा मी हय जनेलाकडे बसून ऐकतालंय. पाच म्हयने ऐकलं. तुझो आवाज चालू आसा म्हणजे ते उभे आसत. मधीच कधी थांबलीस, कोणाचो पट्टो सुटलो, कोण हसलो, तर माझ्या हातातला काम थांबायचा. मी उठून दारापर्यंत जायचंय. मगे तू परत चालू करायचीस आणि मी परत बसायचंय. शेवट झालो की चाय ठेवायचंय. आता संध्याकाळ होता आणि काय ऐकूच येना."

तिने चावी माझ्याकडे सरकवली. "कर वर्ग. पण मोजताना मोठ्यान मोज. घरात ऐकूक येवूक जाय."

गुरुवारी मी कुलूप काढलं. अकरा मुलं आली. पाचवीतली ती मुलगीही आली होती, आणि नेहमीसारखी शेवटी उभी राहिली. दाराजवळच्या खांबाचा पिवळा रंग मागच्या बाजूने, खांद्याइतक्या उंचीवर काळपट झाला होता. हाताची आणि ग्रीसची खूण. पुढे उभं राहिलं की ती बाजू दिसत नव्हती.

मी पुढे गेले नाही. त्या खांबाशी, सर उभे राहायचे तिथे उभी राहिले. माझ्यासमोर अकरा पाठी होत्या. मागे, रस्त्यापलीकडे, जनेल उघडं होतं.

मी मोजायला लागले. पहिले काही आकडे फाटले. मग आवाज लागला. प्रत्येक आकड्यानंतर मी त्या लहान मुलीचे खांदे खाली येईपर्यंत थांबले, आणि मगच पुढचा आकडा म्हटला. फार वेळ लागला. पूर्वी जेवढ्यात मी दोनशे करायचे, तेवढ्यात साठ झाले. कोणी बसलं नाही. ऐंशीच्या पुढेही थांबायची सोय नव्हती. थांबले असते तर पलीकडे कोणीतरी हातातलं काम टाकून उठलं असतं.

शंभर झाले. मुलांनी पाय खाली ठेवले. अग्रशाळेत फक्त श्वासांचा आवाज होता, आणि मग समोरच्या घरात चुलीवर चहाचं भांडं ठेवल्याचा.